केवळ पाहण्याचे काम

गीताबाई रस्त्याच्या कडेला उभ्या राहून वाहनांकडे पाहत, तेव्हा स्वतःच्या हातांचे काय करावे हे त्यांना उमगत नसे. कधी ते हात पदराचे टोक पिळत, कधी एकमेकांत गुंतत, कधी कमरेवर जात आणि तिथे आपण शोभत नाही असे वाटून पुन्हा खाली येत. ज्या हातांनी कित्येक हिवाळे परमुलखातला ऊस सवळला, म्हणजे त्याचे पाचट सोलून काढले, मोळ्या बांधल्या, त्या डोक्यावर चढवल्या, त्या हातांवर रिकामेपणाचा संस्कार कधी झालाच नव्हता. आणि आता त्यांच्या वाट्याला असे काम आले होते की, ज्यात हातांनी काही करायचे नव्हते, पायांनी कुठे जायचे नव्हते. डोळ्यांनी पाहायचे होते, आणि वेळ आलीच तर ओरडायचे होते. आपल्या तत्त्वचिंतकांनी साक्षीभावाची थोरवी पुष्कळ वर्णिली आहे. कर्त्याच्या निकट एक निष्क्रिय, निर्लेप, केवळ पाहणारा असतो, असे ते सांगत आले. परंतु तो साक्षी फडक्यात भाकरी बांधून, नवऱ्याच्या मागोमाग चालत, भाद्रपदाच्या उन्हात लिंबागणेशच्या रस्त्यावर येऊन उभा राहिला तर त्याच्या मनाची काय अवस्था होत असेल, याचा विचार कोणी केल्याचे माझ्या वाचनात नाही.

आमच्या घरावरून जाणारा रस्ता रुंद व्हायचा होता, आणि त्याच्या मोजणीसाठी एका कंपनीचे पथक आले होते. पथक हा शब्द भारदस्त, माणसे तीनच. मोजणीदार अमरसिंह हा बीडजवळच्या एका जमीनदार घरातला, अभियांत्रिकी शिकलेला तरुण. तो तिपाईवर यंत्र मांडी आणि त्यातून पाही. लोक त्या यंत्राला दुर्बीणच म्हणत. दूरवर, कधी रस्त्याच्या कडेला तर कधी ऐन मध्यावर, हातात उंच दांडा धरून गीताबाईंचा नवरा धुळाजी उभा राही. दांड्याच्या शेंड्याला काचेचा लोलक. दुर्बिणीतून निघालेला किरण त्या लोलकाला स्पर्शून परत येई आणि तेवढ्यात अंतर कळे. तेवढा काळ धुळाजीने हलायचे नसे, आणि दांड्याला बसवलेला पाण्याचा बुडबुडा मध्यावर ठेवून नजरही त्यावरून काढायची नसे. तिसरा रामेश्वर. धुळाजीच्या पाठीमागून येणाऱ्या वाहनांकडे लक्ष ठेवणे हे त्याचे काम. यंत्र, तिपाई आणि रस्त्यावर मांडायचे लाल शंकू ठेवायला त्यांनी माझी ओसरी मागितली. त्यामुळे पुढचे पुष्कळसे माझ्या देखत घडले.

रोज सकाळी काम मांडण्यापूर्वी अमरसिंह सुरक्षिततेचे नियम वाचून दाखवी. पूजेआधीचा संकल्प भराभर उरकणाऱ्या पुरोहितासारखा तो वाची. चमकती जाकिटे व हेल्मेट घातल्याशिवाय रस्त्यावर उतरू नये. शंकू आणि फलक आधी मांडावेत. विजेच्या तारांखाली धातूचा दांडा उभा करू नये. अंधूक उजेडात काम करू नये. आणि रस्त्यावर कोणीही एकट्याने उभे राहू नये. त्याच्यासोबत वाहनांकडे पाहणारा दुसरा माणूस असावा, आणि त्या दुसऱ्या माणसाने पाहण्याखेरीज कोणतेही काम करू नये. शेवटी तो विचारी, “कळलं?” आणि दोघे म्हणत, “हो.”

धुळाजी ते हात जोडून ऐके. त्याला हसू नये. ज्या ऊसतोडीत तो आयुष्यभर राबला, तिथे पाचटात साप निघे, कोयता नडगीवर बसे, भरलेली ट्रॉली उतारावर मागे सरके; पण ‘बाबा रे, जपून’ असे कोणी लिहून वाचून दाखवले नव्हते. आपल्या जिवाविषयी कोणीतरी कुठेतरी बसून इतका विचार केला आहे, याचे त्याला नवल वाटे. मला तो एकदा म्हणाला, “गुरुजी, देवाचंच असल्यावानी वाटतंय. कुनी लिवलं आसंल हे?”

या नोकरीवर त्या घराचे पुष्कळ काही लटकले होते. मुलगी करिष्मा दहावीत होती. दरवर्षी दसरा झाला की नवरा-बायको टोळीबरोबर कारखान्याच्या मुलखाला जात, घराला कुलूप लागे, आणि ती पोर कधी मामाकडे चकलांब्याला, कधी शेजाऱ्यांच्या ओसरीवर दिवस काढी. यंदा कुलूप लावायचे नाही, असे दोघांनी ठरवले होते. टोळीसाठी माणसे ठरवणारा मुकादम सोमनाथ दसऱ्याच्या सुमारास होकार घ्यायला येणार होता. तोवर धुळाजीचे हे काम टिकले तर त्याला नाही म्हणता येणार होते. सुटले तर पुन्हा गाडीत बसावे लागणार होते. प्रश्न एवढाच होता आणि तो त्या दोघांना चोवीस तास दिसत होता.

पितृपक्ष लागता लागता रामेश्वरला दुसऱ्या पथकावर पाठवले गेले. माणसे कमी पडत होती. धुळाजी एकटा रस्त्यावर उभा राहू लागला. नियमांचे वाचन मात्र पूर्ववत् चालू होते. धुळाजीने अखेर विचारले, “सायेब, ते दुसरं माणूस कुठं हाय?”

“येईल रे कुणीतरी.”

“कवा?”

“धुळाजी, ऊन व्हायलंय. दांडा घे.”

आता इथे धुळाजीच्या विचाराची जी वाट झाली, ती आमच्या मुलखाबाहेरच्या माणसाची झाली नसती. ऊसतोडीला मुकादम एकटा माणूस ठरवीत नाही, जोडपे ठरवतो. त्या जोडप्यालाच एक कोयता म्हणतात. एकाने तोडायचे, दुसऱ्याने सवळून मोळी बांधायची. आणि तो दुसरा माणूस मुकादम पुरवीत नसतो. तो ज्याचा त्याने घरून आणायचा असतो. हे इतके गृहीत असते की कोणी बोलूनही दाखवीत नाही. धुळाजीला वाटले, कंपनीने रामेश्वर दिला होता ते काम नवे होते म्हणून. आता आपण रुळलो, तेव्हा आपले माणूस आणायला साहेब न बोलता सांगत आहेत, आणि आपण आणले नाही तर नियम मोडल्याचा ठपका आपल्यावर येणार. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला तो गीताबाईंना घेऊनच.

अमरसिंह यंत्राची पेटी उघडत होता. त्याने वर पाहिले. “हे कोण?”

“दुसरं माणूस,” धुळाजी म्हणाला.

“अरे, वहिनी हैत ना ह्या?”

“व्हय.”

“मग दुसरं माणूस कावून म्हणायलास?”

“मंग तिसरं म्हनू का, सायेब?”

अमरसिंह हसला, मग गोंधळला, मग त्याने घड्याळाकडे पाहिले. त्या दिवशी वळणापर्यंतची मोजणी संपवायचे त्याच्यावर दडपण होते. “बसू द्या झाडाखाली,” तो म्हणाला. एवढ्या तीन शब्दांनी गीताबाईंची नेमणूक झाली. किंवा झाली नाही. ती झाली होती की नाही, हे पुढे कोणालाच नीट सांगता आले नाही.

गीताबाईंनी बाभळीखाली भाकरीचे गाठोडे ठेवले आणि नवऱ्याला विचारले, “म्या काय करू?”

“गाड्यांकडं बघायचं.”

“आन?”

“आन काय न्हाई. नुसतं बघायचं.”

“आन हातानं?”

“हातानं काय न्हाई.”

थोडा वेळ त्या उभ्या राहिल्या. मग त्यांना कडेला वाळक्या काटक्या दिसल्या आणि त्या वेचू लागल्या. धुळाजी दांड्यापासूनच ओरडला, “आगं ठीव ते! नियमात न्हाई. दुसरं काम करायचं न्हाई.” त्यांनी काटक्या टाकल्या, पण चेहऱ्यावर असा भाव होता की आपल्याला कोणी लबाडी करायला लावते आहे. सोयाबीन काढायला चाललेल्या बाया थांबल्या.

“काय ओ गीताबाई, नवरा पळून जाईल म्हून राखण करायलाव का?”

“न्हाई बाई, गाड्या मोजायल्यात त्या. सरकारनं सांगितलंय,” दुसरी म्हणाली.

“आमाला बी सांगा की असली नवकरी. आमी बी बघताव. लई चांगलं बघताव!”

गीताबाई हसल्या, आणि हसताना रस्त्यावरची नजर निघाली म्हणून पुन्हा घाबरून तिकडे पाहू लागल्या.

खरी अडचण पहिला ट्रक आला तेव्हा उभी राहिली. गीताबाई ओरडल्या, “अहो!” तत्क्षणी अमरसिंहाने यंत्रावरून डोके काढले, सायकलवरचा एक म्हातारा थांबला, पलीकडच्या शेतातल्या दोघांनी मान वळवली. ‘अहो’ कोणाचेही असते. धुळाजी मात्र बुडबुड्यात गुंतला होता. ट्रक हॉर्न वाजवीत गेला. नवऱ्याचे नाव घेणे गीताबाईंच्या पिढीला आमच्याकडे निषिद्ध. घेतलेच तर उखाण्याच्या वेष्टनात, मांडवात, बायांच्या आग्रहाने. एरवी नाव घेतले तर त्याचे आयुष्य उणावते, अशी श्रद्धा. अमरसिंह म्हणाला, “वहिनी, ‘करिष्माचे पप्पा’ म्हणा की.” त्यांनी तसे म्हणून पाहिले. ते लांबलचक संबोधन पूर्ण होईतो जीप मांजरसुंब्याच्या दिशेने दिसेनाशी झाली होती.

“शिट्टी वाजवा मग,” अमरसिंह म्हणाला.

गीताबाईंनी त्याच्याकडे असे पाहिले की तो विषय तिथेच संपला. बाईमाणसाने भर रस्त्यात शिट्टी वाजवायची!

तोड निघाली ती दुसऱ्याच दिवशी, आणि न ठरवता. चकलांब्याला लहानपणी गीताबाई ज्वारीच्या फडात माळ्यावर बसून पाखरे राखीत. टेम्पो दिसताच त्यांच्या कंठातून तीच आरोळी निघाली, “हुर्रर्र!” ती धुळाजीला ओळखीची, त्याच्या रक्तातली, तो टुणकन उडी मारून कडेला आला. टेम्पो गेला. दोघे एकमेकांकडे पाहून खूप हसले. “पाखरू झालो की मी,” धुळाजी म्हणाला. पुढचे दिवस असे गेले: वाहन दिसे, आरोळी उठे, धुळाजी उडे. दुपारी तिघे बाभळीखाली जेवत. अमरसिंहाच्या डब्यातली भाजी गीताबाईंच्या भाकरीवर येई आणि गीताबाईंचा ठेचा त्याच्या डब्यात जाई. मात्र गीताबाईंच्या अंगावर ना जाकीट होते, ना डोक्यावर हेल्मेट. कंपनीच्या लेखी त्या जागी कोणीच उभे नव्हते. नियम पाळला जात होता की मोडला जात होता, हे मला ओसरीवरून कळत नसे.

त्यानंतरच्या आठवड्यात कंपनीच्या सुरक्षा अधिकारी आल्या. प्रियदर्शनी त्यांचे नाव; वयाने तरुण, बोलण्यात नेमस्त, कामाविषयी खरीखुरी कळकळ असलेल्या. त्यांच्या चालकाने जीप बाभळीच्या अलीकडे, शंकूंच्या तोंडाशी उभी केली. त्यांना पहिल्याप्रथम दिसली ती वेगवान रस्त्याच्या कडेला साध्या लुगड्यात उभी असलेली एक बाई. त्या जवळजवळ धावतच आल्या.

“मावशी, इथे थांबू नका! केवढी वाहनं जातात. तुम्ही कोण?”

“म्या दुसरं माणूस हाय,” गीताबाई म्हणाल्या, रस्त्यावरची नजर न काढता.

“काय?”

“बघायला हाय म्या.”

“बघायचं असलं तर तिकडे झाडामागून बघा. चला, या बाजूला या.” आणि त्यांनी, निव्वळ काळजीपोटी, गीताबाईंचा दंड धरून त्यांना आत ओढले.

त्या एका ओढीने सारे घडले. गीताबाईंची नजर रस्त्यावरून निघाली. जीपच्या आडून सोयाबीनची पोती लादलेला टेम्पो वळसा घेऊन पुढे आला, आणि वळसा घेताना सरळ त्या रेषेत शिरला जिथे धुळाजी पाठमोरा उभा होता. गीताबाईंनी मान वळवली. तो दिसला. आणि त्या क्षणी पाखरांची आरोळी त्यांना आठवली नाही, ‘अहो’ आठवले नाही. साऱ्या संस्कारांच्या तळाखाली जे एकच अक्षरांचे गाठोडे उरले होते ते बाहेर पडले.

“धुळाजी!”

हुर्र म्हटले असते तर तो उडाला असता. ‘अहो’ म्हटले असते तरी कदाचित एव्हानाच्या सवयीने सरकला असता. पण त्या आवाजात स्वतःचे नाव ऐकताच धुळाजी जागीच थिजला. त्याने दांडा तसाच धरून, सावकाश, अत्यंत चकित मुद्रेने मान वळवली. जणू आपल्याला कोण ओळखते हे त्याला पाहायचे होते. टेम्पोच्या पोत्यांनी दांडा उडवला. लोलक डांबरावर फुटला. धुळाजी रस्त्याकडेच्या चारीत जाऊन पडला.

टेम्पोवाला पुढे जाऊन थांबला, उतरला, आणि कोणावर ओरडावे हे न कळून जीपवरच ओरडू लागला. धुळाजी चारीतून उठून बसला. डावे मनगट मुरगळले होते, कोपर सोलवटले होते. बाकी तो धड होता. गीताबाई त्याच्यापाशी पोचल्या. त्यांचे पहिले वाक्य होते, “म्या न्हाई घेतलं.”

कोणी काही विचारलेच नव्हते.

चौकशी माझ्या ओसरीवर झाली. धुळाजीच्या मनगटाला हळदीचा लेप आणि वर फडके. तो खांबाला टेकून. गीताबाई उंबऱ्याशी. अमरसिंह उभा. प्रियदर्शनींनी पाणी घेतले, पण ते हातातच राहिले.

“ही बाई मोजणीच्या जागेवर कशी आली?” त्यांनी विचारले.

अमरसिंह म्हणाला, “मॅडम, गावातली माणसं येतात बघायला. आपण कुणाकुणाला हटकणार?”

त्या एका वाक्याने धुळाजीची नोकरी गेल्यात जमा होती. कारण मग परक्या बाईला रस्त्यावर उभे करणारा तोच ठरत होता. धुळाजीने साहेबाकडे पाहिले आणि मान खाली घातली. “सायेब म्हणत्यात तसंच आसंल,” तो पुटपुटला. मला वाटते, तो खोटे बोलत नव्हता. आपण नेमके काय केले, याचाच त्याला आता भरवसा उरला नव्हता.

उंबऱ्यावरून गीताबाई म्हणाल्या, “अमरसिंहदादा, काल दोडका लई खारट झालता बगा तुमच्या डब्यातला. आईला सांगा.”

अमरसिंहाचा चेहरा हळूहळू लाल झाला. तो खाली पाहत म्हणाला, “मॅडम, मला माहीत होतं. मीच बसू द्या म्हणालो. रामेश्वरला नेलं, बदली माणूस दिलं नाही. काम तर थांबवता येत नव्हतं.”

“थांबवता येत होतं,” प्रियदर्शनी म्हणाल्या. मग त्या धुळाजीकडे वळल्या. “तुम्ही बायकोला का आणलंत?”

“नियमात हाय की, म्याडम. दुसरं माणूस पायजे.”

“पण ते कंपनीनं द्यायचं असतं!”

धुळाजी खऱ्या अर्थाने चक्रावला. “कंपनी कसं देईल? आपलं माणूस आपुनच आनावं लागतंय की. मुकादम देतो व्हय बायको?”

त्यांनी अमरसिंहाकडे पाहिले. अमरसिंहाने त्यांना कोयत्याचा रिवाज सांगितला.

“बरं. ती ओरडली, तुम्ही ऐकलंत. मग हललात का नाही?”

“हुर्र म्हणली आसती तर हललो आसतो.”

“हुर्र?”

“पाखरं उठवत्यात तसं.”

“पण तिनं तर सरळ तुमचं नाव घेतलं. नाव ऐकल्यावर माणूस जास्तच सावध होतो.”

“न्हाई, म्याडम.” धुळाजीने योग्य शब्द पुष्कळ शोधले. “लग्नात एकदा घेतलतं, ते बी पदरात तोंड घालून. तवापासून त्या आवाजात ते नाव म्या आयकलंच न्हाई. मला वाटलं... काय वाटलं ते बी सांगता येत न्हाई. वाटलं, कोन हाय बाबा हा धुळाजी.”

उंबऱ्याशी गीताबाईंनी पदर तोंडावर ओढला होता.

प्रियदर्शनींनी पाण्याचा पेला खाली ठेवला. “मला हे कुठे आणि कसं मांडावं तेच कळत नाही,” त्या सावकाश म्हणाल्या. “दुसरा माणूस हवा, हा नियम इथे यांनी एकट्यांनीच पाळला, आणि तो पाळताना मोडला. ती बाई तिथे असायला नको होती. पण ती पाहत होती तोवर ठीक होतं, आणि मी तिचं लक्ष काढलं. जीपही चुकीच्या जागी उभी होती. सुरक्षिततेसाठी आले ती मी, आणि धोका...” त्यांनी वाक्य सोडून दिले. मग उभे राहून म्हणाल्या, “आजपासून हे काम बंद. पाहणारा माणूस आल्याशिवाय तिपाई उभी राहायची नाही. धुळाजींचं काय करायचं ते मी विचार करून कळवते.”

ते ‘कळवते’ त्या घरावर नवरात्रभर टांगून राहिले. गावात बोलले जात होते ते अपघाताविषयी नव्हे. बाया म्हणत, “रस्त्यात नाव घेतलं म्हनं.” “नाव घेतलं आन लगीच आपटला, बगा.” गीताबाईंनी लिंबागणेशच्या गणपतीला जाऊन नाक घासले, उपास धरला. एके सकाळी त्या माझ्या ओसरीशी येऊन उभ्या राहिल्या.

“गुरुजी, तुमी लई वाचलंय. एक सांगा. नाव घेतलं म्हून ते पडले, का नाव घेतलं म्हून वाचले?”

मी बोलू लागलो. नामाचे सामर्थ्य, रूढी आणि श्रद्धा यांतला भेद, कार्यकारणाची साखळी, अशी प्रस्तावना झाली. मग मी थांबलो. धुळाजी हुर्रने उडाला असता हे खरे. परंतु कोणी काहीच ओरडले नसते तर टेम्पो दांड्याऐवजी पाठीवरच आला असता, हेही खरे. मान वळवताना धुळाजी अर्धे पाऊल बाजूला सरकला होता, असे अमरसिंह सांगे. मला ते दिसले नव्हते. “गीताबाई,” मी म्हणालो, “मला कळत नाही.”

“तुमाला बी न्हाई?” त्या म्हणाल्या. आणि विचित्र असे की, त्यांना त्याने किंचित बरे वाटल्यासारखे दिसले.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी प्रियदर्शनी परत आल्या. या वेळी जीप माझ्या अंगणात, रस्त्यापासून पुष्कळ आत लावली. बरोबर रामेश्वर होता, आणखी एक अनोळखी माणूस होता, आणि हातात पिवळे जाकीट, हेल्मेट आणि दोरीत ओवलेली शिट्टी होती. धुळाजीला काढले नव्हते; मनगट बरे झाले की त्याने यायचे होते. आणि पाहणाऱ्या माणसांची कायम ददात होती. म्हणून शिकवून, जाकीट देऊन, रीतसर गीताबाईंना घ्यायचे ठरले होते. तूर्त रस्त्याची मोजणी चालेल तोवर. पुढचे पुढे.

“पण एक अट आहे,” प्रियदर्शनी म्हणाल्या. “तुम्ही धुळाजींच्या मागे उभं राहायचं नाही. आता रामेश्वर दांडा धरेल, तुम्ही त्याच्याकडे लक्ष ठेवायचं. धुळाजी येतील तेव्हा त्यांच्यासाठी हे नवे गृहस्थ असतील.”

गीताबाईंना वाटले आपण चुकीचे ऐकले. “म्हंजी ह्यांच्याकडं न्हाई बघायचं?”

“नाही.”

“दुसऱ्याच्या नवऱ्याला राखायचं?”

रामेश्वर लाजला. अमरसिंह तोंड फिरवून हसू लागला.

“स्वतःच्या माणसावर पहारा करताना जीव घाबरतो, मावशी,” प्रियदर्शनी म्हणाल्या. “आणि घाबरलं की ठरलेली खूण आठवत नाही. तुम्हीच सांगा, आठवली का?”

“न्हाई,” गीताबाई म्हणाल्या.

“आन मला कोन राखनार?” धुळाजीने त्या अनोळखी गृहस्थाकडे संशयाने पाहत विचारले. “ते माज्या वळखीचं बी न्हाईत.”

“म्हणूनच,” प्रियदर्शनी म्हणाल्या. पण त्यांच्याही स्वरात पुरता निश्चय नव्हता.

दसरा झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मुकादम सोमनाथ मोटारसायकलवरून आला. घराचे दार उघडे होते. करिष्मा शाळेत. धुळाजी एका हाताने भाकरी थापण्याचा प्रयत्न करीत होता आणि पीठ परातीपेक्षा अंगावर अधिक होते. सोमनाथ ते पाहून हसत सुटला. “काय बे धुळाजी, ही काय कळा! मनगट तर बसंल पंधरवड्यात. गाडी कवा लावू?”

“बाईला इचारा,” धुळाजी म्हणाला. “ती डूटीवर हाय.”

सोमनाथला वाटले थट्टा आहे. पण तो रस्त्यावर आला. मी माझ्या कुंपणाशी उभा होतो. गीताबाई जाकीट घालून, पदरावर हेल्मेट बसवून, माझ्याकडे आणि सोमनाथकडे पाठ करून उभ्या होत्या. पुढे रामेश्वर दांडा धरून.

“गीताबाई, वळा की इकडं.”

“वळता येत न्हाई, भाऊ. बोला तुमी, आयकू येतंय.”

“आरं, आसं कुटं बोलत्यात का?” सोमनाथ गोंधळून माझ्याकडे बघू लागला. मग त्या पाठमोऱ्या जाकिटाला उद्देशून म्हणाला, “कोयता धरायचा न्हवं यंदा? टोळी निघाय लागली.”

“यंदा न्हाई.”

“आन हे काम सुटलं म्हंजी?”

दुरून ट्रक दिसला. गीताबाईंनी शिट्टी ओठांना लावली. तिचा आवाज पहिल्यांदा फुसका निघाला, दुसऱ्यांदा नीट. आणि लगेच, कसलीही अडचण न पडता, खणखणीत आवाजात: “रामेश्वर, गाडी!” रामेश्वर कडेला आला. ट्रक गेला.

“सुटलं तर काय ते मला बी कळत न्हाई,” गीताबाई पाठमोऱ्याच म्हणाल्या. “पन यंदा घराला कुलूप लावायचं न्हाई. जावा तुमी.”

बाईच्या तोंडाकडे न पाहता तिचा नकार कसा घ्यावा, हे सोमनाथला समजत नसावे. मग त्याने मोटारसायकल सुरू केली. पाठीमागे इंजिनाचा आवाज ऐकताच गीताबाईंनी एकदाच झर्रकन वळून शिट्टी फुंकली आणि हात आडवा केला. रामेश्वर पुन्हा मध्यावर जाऊन उभा राहिला होता. सोमनाथने निमूटपणे इंजिन बंद केले, खाली उतरला, आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच मोटारसायकल ढकलीत, लाल शंकूंच्या बाहेरून, पायी निघाला.

गीताबाई पुन्हा रस्त्याकडे वळल्या. एका हातात शिट्टीची दोरी होती. दुसरा हात सवयीने पदराचे टोक शोधीत होता. ते जाकिटाखाली दडले होते, आणि त्याला सापडत नव्हते.